मदत हवी आहे: मेल सर्व्हरच्या ५८७ पोर्टवर लॉगिन होतं, पण आरसीपीटी टू (मेल कुणाला जायचा ते सांगणारी आज्ञा) दिलं की कनेक्शन तुटतं

मंडळी, ऑफिसच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट हे मेल सर्व्हरचे प्रोग्राम आहेत. थंडरबर्डमधून मेल जातो, बिलं पाठवणाऱ्या शेल स्क्रिप्टमधून जात नाही, ५३५ (लॉगिन नाकारल्याचा कोड) येतो. म्हटलं, स्क्रिप्ट बाजूला ठेवून टर्मिनलवरूनच बघू. टेलनेट कामाचं नाही, कारण स्टार्ट-टीएलएस झाल्याशिवाय, म्हणजे कनेक्शन एन्क्रिप्ट झाल्याशिवाय, आमचा सर्व्हर ऑथ (लॉगिनची सोय) दाखवतच नाही. म्हणून ओपनएसएसएलचा एस-क्लायंट घेतला, त्यातून एन्क्रिप्टेड कनेक्शनवर हाताने आज्ञा टाइप करता येतात.

सर्टिफिकेट ठीक आहे, व्हेरिफाय रिटर्न कोड ०. एहलो (सर्व्हरला नमस्कार करणारी आज्ञा) दिल्यावर ऑथ प्लेन ही लॉगिनची पद्धत दिसते. युजर-पासवर्डचं पायथनने काढलेलं बेस६४ रूप चिकटवलं, २३५ (लॉगिन झालं) आला. मेल फ्रॉमला (पाठवणाऱ्याचा पत्ता) २५०, म्हणजे ठीक. आरसीपीटी टू टाइप करून एंटर मारलं, की 'रीनिगोशिएटिंग' अशी ओळ, खाली एरर आणि कनेक्शन खलास! सर्व्हरच्या लॉगमध्ये पत्ता नाकारल्याचं काही नाही, नुसतं 'लॉस्ट कनेक्शन आफ्टर मेल'. ४६५ या दुसऱ्या पोर्टवरही तेच. फायरवॉल आड येत असेल का?

उत्तर १

फायरवॉलला उगाच बोल लावू नका, तुमची ओळ सर्व्हरपर्यंत गेलेलीच नाही. ओळीच्या सुरुवातीला कॅपिटल आर आला की एस-क्लायंट तो स्वतःसाठीचा हुकूम समजतो: टीएलएसची बोलणी पुन्हा करा. टीएलएस १.३ मध्ये ती सोयच काढून टाकली आहे, म्हणून एरर. कॅपिटल क्यूचंही तसंच, क्विट सर्व्हरला न पाठवता तो परस्पर बंद होतो. आरसीपीटी स्मॉल लिपीत लिहा, एसएमटीपीला (मेल पाठवण्याच्या नियमावलीला) फरक पडत नाही. नाहीतर सुरू करतानाच 'क्वाएट' पर्याय द्या, मग तो असे हुकूम धरत नाही. ओळीचा शेवट एसएमटीपीला हवा तसा जावा म्हणून 'सीआरएलएफ'ही जोडा.

ते बेस६४ इथे चिकटवलं नाहीत हे बरं केलंत. ते काही एन्क्रिप्शन नव्हे, कुणीही उलगडेल.

धागाकर्ता

स्मॉलमध्ये दिलं, मेल गेला! पण मग स्क्रिप्टला ५३५ का? तीही प्रिंटएफने (मजकूर छापणारी शेलची आज्ञा) शून्य बाइट, युजर, शून्य बाइट, पासवर्ड असंच जोडते.

उत्तर २

पासवर्ड आकड्याने सुरू होतो का? बॅकस्लॅश-शून्यापुढे लगेच ४२ आलं, तर प्रिंटएफ ०४२ हा ऑक्टल (आठच्या पायाचा) आकडा धरतो आणि तिथे अवतरणचिन्ह उमटतं. दोन्ही शून्यांपुढे टक्का-एस (मजकुराची रिकामी जागा) ठेवा, युजर आणि पासवर्ड वेगळे द्या. पासवर्डात टक्क्याचं चिन्ह असलं तरी मग अडत नाही.

धागाकर्ता

आकड्यानेच सुरू होतो! बदल केला, २३५ आला. आता फायरवॉलवाल्याला चहा पाजावा लागणार.