प्रतिसाद: काटा चरबी मोजतच नाही

अंगातली चरबी दाखवणाऱ्या घरगुती वजनकाट्यावर चरबीचा आकडा सकाळ-संध्याकाळ बदलतो म्हणून काटा खोटा, असं काकूंनी वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. पण काटा चरबी मोजत नाही. एका पायातून दुसऱ्यात साधारण ५० किलोहर्ट्झ वारंवारतेचा क्षीण प्रवाह सोडून तो फक्त विद्युत अवरोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, मोजतो; चरबीचा आकडा त्यावरून सूत्राने काढलेला.

कमी वारंवारतेला पेशीचं पटल कपॅसिटरसारखं आडवं येतं, प्रवाह पेशींबाहेरच्या पाण्यातूनच वाट काढतो. वारंवारता वाढवली की पेशींच्या आतूनही जातो. म्हणूनच वेगवेगळ्या वारंवारतांना मोजून डायलिसिसच्या रुग्णांत साचलेलं पाणी पेशींच्या आत आहे की बाहेर, याचा अंदाज येतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

आमच्या इंदुरात मे महिन्यात फिरून आलात तर त्वचा तापलेली, रक्तवाहिन्या रुंदावलेल्या. अवरोध घटतो, चरबी कमी दिसते. काकू, पहाटे, उपाशीपोटी, रोज त्याच वेळी मोजा.