दहा हजार पौंडांवरच्या ट्रकला टायरच्या हवेचा इशारा सक्तीचा का नाही?

पाचवंचाक (फिनिक्स, ॲरिझोना)

गेल्या जूनमधली गोष्ट. आय-१७ ने फिनिक्सहून फ्लॅगस्टाफला निघालो होतो. एक टनी डिझेल ट्रक, मागच्या ॲक्सलला जोडचाकं, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन चाकं, आणि हौद्यात जोडलेला फिफ्थ व्हील, म्हणजे आत राहायची सोय असलेला ट्रेलर. ट्रेलरच्या चार टायरांवर मिळून १२,००० पौंड. ब्लॅक कॅन्यन सिटी सोडली की खडा चढ लागतो. सनसेट पॉइंटच्या थोडं अलीकडे शेजारच्या लेनमधली एक बाई हॉर्न वाजवत सारखी मागे बोट दाखवत होती. मला काहीही जाणवलं नव्हतं. स्टिअरिंग ओढत नव्हतं, आवाज नव्हता, ट्रक आपला चढत होता.

बाजूला घेऊन उतरलो. ट्रेलरच्या डाव्या बाजूच्या मागच्या चाकावर टायर असा उरलाच नव्हता. रिमभोवती दोन कडा आणि तारांचा गुंता. सुटलेल्या पट्ट्याने आपटून आपटून चाकावरचा पत्रा सोलला होता, ब्रेकची वायर तुटून लोंबत होती. आत जाऊन पाहिलं तर ओट्याखालच्या कपाटाचा तळ फुटलेला आणि तांदळाच्या डब्यावर रबराचा काळा भुगा. गॅसची नळी तिथून वीतभर अंतरावर होती. बायको आणि दोन्ही मुलं माझ्याबरोबर होती.

२००० साली फायरस्टोनचे लाखो टायर परत मागवावे लागले, फोर्ड एक्स्प्लोरर उलटण्याचं प्रकरण गाजलं आणि त्याच वर्षी अमेरिकेत ट्रेड (TREAD) नावाचा वाहनसुरक्षेचा कायदा झाला. त्यातून सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या हलक्या गाडीला टीपीएमएस, म्हणजे टायरमधली हवा उतरली की डॅशबोर्डवर दिवा लावणारी यंत्रणा, सक्तीची झाली. पण नियमाची हद्द १०,००० पौंड, तीही भारासकट कमाल वजनाची. शिवाय जोडचाकांच्या गाड्या वगळलेल्या. माझा ट्रक १४,००० चा आणि जोडचाकांचा, म्हणजे दोन्हीकडून नियमाबाहेर. ट्रेलर तर त्या नियमात कधी नव्हताच.

माझं म्हणणं सरळ आहे. छोट्या गाडीत हवा गेली की माणसाला बसल्या जागी कळतं. जड ट्रकमागे ट्रेलर असला की कळत नाही, कारण त्याच बाजूचा दुसरा टायर भार उचलतो आणि इंजिनाला तेवढ्या ओढीचं काहीच वाटत नाही. जिथे कळत नाही तिथेच इशारा हवा. ट्रक आणि ट्रेलर दोन्हींना सक्ती व्हावी. युरोपात जुलै २०२४ पासून नव्या ट्रकना, बसना आणि मोठ्या ट्रेलरना ती झालीही आहे. तुमचं मत काय?

घाटमाथा (न्यू जर्सी)

मी बारा वर्षं अठरा चाकी चालवतोय, गाडी स्वतःची. तुमच्यावर गुदरलं ते वाईटच, घरचे सुखरूप आहेत हे महत्त्वाचं. पण सक्तीला माझा ठाम विरोध आहे.

पहिला प्रश्न, त्या दिवशी सकाळी हवा मोजायचा गेज लावला होता का? आमच्याकडे निघण्याआधी गाडीभोवती फेरी मारल्याशिवाय चाक हलत नाही. प्रत्येक थांब्यावर हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधोमध, हात धरायचा, टायरच्या कडेवरून तळवा फिरवायचा. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं की थांबायचं. हे अंगात मुरायला वर्षं लागतात, आणि दिवा लावून दिला की ते मुरतच नाही.

दुसरं, व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसवायचे सेन्सर मी ट्रेलरला लावून पाहिले. तिसऱ्या आठवड्यात एका चाकाची हवा उतरली. सेन्सरच्या वजनाने रबरी व्हॉल्व्ह बुडाशी चिरला होता. हवा राखायला लावलेल्या वस्तूनेच हवा घालवली. त्यात लांब ट्रेलरच्या शेवटच्या ॲक्सलचा सिग्नल केबिनपर्यंत नीट यायचा नाही, रोज दोन-तीन वेळा उगाच शिट्टी. आठ दिवसांत मी आवाज बंद केला. सगळे तेच करतात.

पाचवंचाक

गेज दोन दिवस आधी लावला होता, चारही टायर ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). त्या दिवशी सकाळी नाही लावला, ही चूक कबूल.

व्हॉल्व्हचं तुमचं खरं आहे. रबरी व्हॉल्व्हवर टोपीचा सेन्सर लावूच नये, आधी धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत. मी आता तेच केलंय. शेवटच्या ॲक्सलचा सिग्नल येत नसेल तर मधे सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर लागतो. पण फेरी मारून निघाल्यावर दीड तासाने खिळा घुसला तर? तुमचा पुढचा थांबा येईपर्यंत तो टायर काय करत असतो?

रानवाटा (सॅन अँटोनियो, टेक्सास)

मी आणि माझे यजमान सहा वर्षं ट्रेलर घेऊन फिरतोय. आमच्याकडे सगळ्या चाकांना सेन्सर आहेत. तरीही माझं मत घाटमाथांच्या बाजूने, पण कारण वेगळं.

आमचा टायर फुटला तेव्हा पडद्यावर हवा अगदी जशी हवी तशी होती. धाड आवाज झाला, मग आकडा शून्यावर आला आणि मग यंत्र ओरडलं. टायरचे आतले पट्टे एकमेकांपासून सुटले होते, हवेशी त्याचा संबंध नव्हता. टायरच्या कडेवर डीओटी अक्षरांपासून सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर १४१५ होतं, म्हणजे २०१५ चा चौदावा आठवडा. प्रवास २०२२ चा. खाचा नव्यासारख्या खोल होत्या, कारण ट्रेलर वर्षातले नऊ महिने उन्हात उभा असतो. झिजून नाही, वयाने गेला.

आणि खरं सांगू? सेन्सर आल्यापासून आम्ही टायरजवळ वाकून बघणंच सोडलं होतं. हिरवा आकडा दिसला की निघायचं. वाकले असते तर कडेला आलेली फुगवटी कदाचित दिसली असती. पैसे मोजकेच असतील तर ते आधी टायरवर घालावेत.

पाचवंचाक, तुमचाही टायर तसाच गेला नसेल हे कशावरून? टायरच उरला नाही म्हणता.

पाचवंचाक

ताई, प्रश्न रास्त आहे. दुकानदाराने रिमवर उरलेल्या कडा काढून दाखवल्या. आतल्या बाजूला कॉफीच्या पुडीसारखी रबराची बारीक पूड होती आणि गोल घासल्याची खूण. टायर कमी हवेवर बराच वेळ चालला की कड दुमडून आत घासते, त्याचीच ती पूड. म्हणजे हवा हळूहळू गेली होती. खिळा होता की व्हॉल्व्ह, ते कळलं नाही. पण सांगायला वेळ होता, आणि सांगणारं कोणी नव्हतं.

तुमचा टायर सेन्सरने वाचला नसता, मान्य. माझा वाचला असता.

चिंचवडकर (डेट्रॉइटजवळ, मिशिगन)

गाड्यांच्या चाचणीत काम केलंय, म्हणून थोडं आकड्यांत.

पाचवंचाकांची मागणी जशीच्या तशी मान्य झाली तर त्यांचं काम होणार नाही. हलक्या गाड्यांच्या नियमात दारावरच्या स्टिकरवर टायर थंड असतानाची जी हवा लिहिलेली असते तिच्यापेक्षा २५ टक्के कमी झालं की वीस मिनिटांच्या आत दिवा लागला पाहिजे, एवढंच आहे. ८० चे २५ टक्के गेले की ६०. आता फिफ्थ व्हीलला नेहमी येणारा एसटी २३५/८० आर १६ मापाचा, लोड रेंज ई (भार पेलण्याची श्रेणी) टायर घ्या. ८० पीएसआयला तो ३,५२० पौंड उचलतो, ६५ ला ३,०००. तुमच्या ट्रेलरच्या प्रत्येक टायरवर बरोबर ३,००० आहेत. म्हणजे ६० वर दिवा लागेल तेव्हा टायर आधीच झेपेल त्यापेक्षा जास्त भार वाहत असेल, तोही जूनमध्ये, ॲरिझोनात, चढावर.

याच्या उलट बाजू ट्रकची. हेवी ड्युटी पिकअपच्या मागच्या टायरांना स्टिकरवर ८० लिहिलेलं असतं, ते हौदा पूर्ण भरलेला धरून. रिकाम्या ट्रकला ८० ठेवली की मागची बाजू उड्या मारते, ओल्या रस्त्यावर पकड कमी मिळते. म्हणून लोक ५५-६० वर आणतात आणि दिवा महिनोन्‌महिने जळत राहतो. जो दिवा कायम जळतो तो कोणी बघत नाही. भाराप्रमाणे हवा बदलणाऱ्या गाडीला एकच आकडा धरून नियम करणं अवघड आहे. कितीवर इशारा द्यायचा तो उंबरठा चालकाला स्वतः ठरवता आला पाहिजे. मी सक्तीच्या विरोधात नाही, हलक्या गाड्यांचा नियम उचलून इथे चिकटवण्याच्या विरोधात आहे.

आणखी एक, कारण यावरून लोक घाबरतात. फिनिक्सला सकाळी ३० अंशांत ८० भरली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लॅगस्टाफला ८ अंशांत पाहिली तर साधारण ७६ दिसेल. थंडीने सातेक कमी होते, सात हजार फुटांवर बाहेरचा दाब कमी म्हणून गेजवर तीनेक वाढते. गळती नाही. आणि चालू गाडीत ८० ची ९२-९४ झाली तर हवा सोडू नका, ती तशीच वाढायला हवी. गरम टायरमधली हवा सोडून सकाळी कमी हवेवर निघालेले लोक मी पाहिलेत.

घाटमाथा

चिंचवडकर, बारा वर्षांत एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. पण मग माझाच मुद्दा खरा ठरतो. ज्याला हे सगळं समजतं त्याला दिव्याची गरज नाही, आणि ज्याला समजत नाही त्याने उंबरठा कुठे लावायचा?

कळंबोलीकर (पनवेल)

भाऊ, आमच्याकडचं सांगतो. माझे तीन ट्रेलर आहेत, कळंबोलीहून लोखंड नेतो. २०२० च्या नियमाने आपल्याकडे टीपीएमएस आणि पंक्चरचं किट असलेल्या छोट्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. जड वाहनाचं नाव त्यात नाही.

मी एका हॉर्सला, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला, आणि त्याच्या ट्रेलरला सेन्सर लावले होते. दोन महिन्यांत चार टोप्या रात्रीत चोरीला गेल्या. ड्रायव्हर म्हणाला, शेठ, माझ्या पगारातून कापू नका, मी रात्री जागू का टायरपाशी? मी कापले नाहीत, पण काढून ठेवले. शिवाय आमचे अर्धे टायर रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी कातडी चढवलेले. त्यांची वरची कातडी सुटते तेव्हा हवा पूर्ण असते, रानवाटा ताई म्हणतात तसंच.

तरी मी पाचवंचाकांना नाही म्हणणार नाही. कारण समृद्धी. पूर्वी नागपूरला जायचं म्हणजे घाट, गावं, ढाबे, गाडी पन्नास वेळा थांबायची, आणि थांबली की क्लीनर उतरून प्रत्येक टायरवर टॉमी (लोखंडी दांडा) मारायचा. बद्द आवाज आला की हवा कमी. आता ७०१ किलोमीटर सरळ काँक्रीट, थांबायचं कारणच नाही, आणि क्लीनर ठेवणं परवडत नाही म्हणून ड्रायव्हर एकटा. टायर बघणारा माणूस गाडीवरून उतरला, त्याच्या जागी काहीच बसवलं नाही. यंत्र नको म्हणत असाल तर दुसरा माणूस द्या. दोन्ही नको म्हणता येणार नाही.

पाचवंचाक

कळंबोलीकर, मला जे चार परिच्छेदांत सांगता आलं नाही ते तुम्ही सांगितलंत.

चिंचवडकरांचं वाचून मी माझी मागणी बदलतो. २५ टक्क्यांचा नियम ट्रेलरला नको. यंत्रणा सक्तीची असावी, उंबरठा भाराप्रमाणे लावता यावा, आणि तो कसा लावायचा हे ट्रेलर विकणाऱ्याने ताब्यात देताना समोर करून दाखवावं. मी माझा आता ७२ वर लावलाय. रानवाटा ताई, आज टायरांवरचे आकडेही वाचले. तीन टायर ठीक, एकावर २६१८ आहे. तो या आठवड्यात बदलतोय.

घाटमाथा, तुम्हाला एकच विचारतो. जोडचाकातला आतला टायर तुम्ही रोज कसा बघता? बाहेरचा टायर त्याला झाकतो, आणि आतला बसला तरी गाडी बाहेरच्यावर उभी असते, नजरेला काही कळत नाही. तिथे तर तळवाही पोचत नाही.

घाटमाथा

रोज हातोडी मारून आवाज ऐकतो. गेज आठवड्यातून एकदा. खरं तेच सांगतो.

तुमचं वाचून आत्ता यार्डात जाऊन आलो. रात्रीचे दहा वाजलेत, गाडी दुपारपासून उभी आहे, टायर गार आहेत. ट्रॅक्टरच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या, मागच्या ॲक्सलला डावीकडचा बाहेरचा टायर १०२. आतला ७१. संध्याकाळी दोघांचा आवाज मला सारखाच वाटला होता.

१०० च्या टायरला ८० च्या खाली चालवला की त्यात नुसती हवा भरायची नसते, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. कडेच्या तारा आतून तुटलेल्या असल्या तर हवा भरताना कड गोलाईने झिपसारखी फाटते आणि समोरचा माणूस जातो. म्हणून सकाळी सगळी हवा सोडून चाक उतरवणार, टायर रिमवरून काढून आतून बघणार, आणि भरायचाच झाला तर फुटला तरी माणूस वाचावा म्हणून लोखंडी पिंजऱ्यात ठेवून. सकाळी सातचा माल दुसऱ्याला दिलाय.

सक्तीला माझा अजूनही विरोध आहे. हा ७१ मला गेजनेच दाखवला. पण चिंचवडकर, आतल्या टायरच्या व्हॉल्व्हला लावायचा की रिमच्या आत पट्ट्याने बांधायचा, यातला कुठला प्रकार टिकतो? चाक उद्या उतरणारच आहे.

चिंचवडकर

आतल्या चाकाला पट्ट्याचा. टायर रिमवरून निघालेला असतानाच बसवून घ्या. आणि व्हॉल्व्हला लांब नळीचं एक्स्टेन्शन लावलं असेल तर आधी त्यावर साबणाचं पाणी टाकून बघा, निम्म्या वेळा हवा तिथूनच जाते.

घाटमाथा

एक्स्टेन्शन आहे. सकाळी बघून इथेच लिहितो.