मदत हवी आहे: गुडघेदुखी असलेल्या आईला जेनोवा पायी कसं दाखवू?

नमस्कार मंडळी,

मी मिलानला राहते. ऑक्टोबरमध्ये आई रत्नागिरीहून येतेय, तिला एक दिवस जेनोवाला न्यायचं आहे. आई ७१ वर्षांची, शाळेत इतिहास शिकवायची. मार्को पोलोने जेनोवाच्या कैदेत असताना आपल्या प्रवासाच्या हकिकती सोबतच्या कैद्याला सांगून लिहवून घेतल्या, हे तिने कितीतरी वर्गांना रंगवून सांगितलंय. त्याला जिथे ठेवलं होतं असं मानतात, तो बंदरावरचा पालाझ्झो (वाडा) सान जॉर्जो तिला बघायचाच आहे. तोही बसमधून नाही, चालत. "बंदराचं गाव धक्क्यावरून आत शिरून बघावं," असं ती म्हणते. आम्ही बंदराच्याच गावचे, मला ते पटतं.

अडचण गुडघ्यांची. सपाटीवर हळूहळू दोन किलोमीटर चालते. पायऱ्या कशाबशा चढते, पण उतरताना फार दुखतं. गेल्या खेपेला एका डोंगरावरच्या गावात नकाशावर ४०० मीटर दिसले म्हणून मी तिला चालवत नेलं आणि निघाल्या सगळ्या पायऱ्या. तिसऱ्या वळणावर ती कठड्यावर टेकली. बोलली काही नाही, नुसती गुडघा चोळत राहिली. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही. आणि जेनोवा तर डोंगर आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेलं!

सध्याचा बेत: ट्रेनने प्रिन्चिपे स्टेशन, तिथून मेट्रोने सान जॉर्जो. समोरच जुनं बंदर, १९९२ साली रेन्झो पियानो या वास्तुरचनाकाराने नव्याने मांडलेलं. मग सोत्तोरीपाच्या कमानींखालून सावलीत चालायचं. तिथे फरिनाता खायची: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजलेली. आई अंडंही खात नाही, पण हे म्हणजे आपल्या बेसनाच्या पोळ्याचं भावंड, तिला नक्की आवडेल. पुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सान लोरेन्झो कॅथेड्रल. ९ फेब्रुवारी १९४१ च्या ब्रिटिश नौदलाच्या माऱ्यात एक तोफगोळा आत येऊन पडला आणि फुटलाच नाही. तो प्रसंग मला तिला तिथेच उभं राहून सांगायचाय. शेवटी गल्ल्यांमधून व्हिया गारिबाल्दी या रस्त्यावरचे वाडे (२००६ पासून जागतिक वारसा यादीत) आणि पोर्तेल्लोहून लिफ्टने वर कास्तेल्लेत्तोच्या गच्चीवर, शहर बघायला. येतानाही लिफ्टनेच.

आता विचारायचं ते असं. सान लोरेन्झोपासून व्हिया गारिबाल्दीपर्यंत चढ किती आहे? कोणत्या गल्लीने गेलं तर पायऱ्या लागत नाहीत? त्या कारूज्जी, म्हणजे जुन्या गल्ल्या, इतक्या अरुंद आणि दोन्हीकडची घरं इतकी उंच, की फोनवरचा निळा ठिपका भलतीकडेच उड्या मारतो असं ऐकलंय. खुणेला धरता येईल असं एखादं चौक-चर्च सांगाल का? कॅथेड्रलच्या पुढच्या पायऱ्या टाळून आत जायला बाजूचं दार उघडं असतं का? फरिनाता दुपारी बाराला तयार मिळते की संध्याकाळीच?

आणि आईवडिलांना घेऊन तिथे गेलेलं कुणी असेल तर हेही सांगा, वाटेत टेकायला बाक नेमके कुठे कुठे आहेत?