मदत हवी आहे: हद्दीवरचा नाला, दोन संस्था, संयुक्त समितीचा ठराव कसा आणायचा?

पुण्यालगतचा भाग आहे. नाल्याचा वरचा पट्टा महानगरपालिकेत, खालचा ग्रामपंचायतीत. मधे रस्त्याखाली ९०० मिमीच्या पाइपांची मोरी. पालिका पावसाळ्यापूर्वी आपल्या हद्दीपर्यंत गाळ काढते. मोरीखालचा गाळ तसाच राहतो, त्यामुळे पाणी पुढे न सरकता मागे तुंबतं आणि वरची सफाई वाया जाते. खरं तर गाळ खालून वर काढत यायला हवा, नाहीतर उतारच मिळत नाही. त्यात काढलेला गाळ काठावरच टाकतात. पहिल्याच जोराच्या सरीत तो परत नाल्यात.

दोन्हीकडे लेखी अर्ज दिले, आपले सरकार पोर्टलवर तक्रार केली, माहिती अधिकारात हद्दीचा नकाशा मिळवला. उत्तर दोन्हीकडून एकच: 'काम आमच्या हद्दीबाहेर.' नाल्याची मालकी सरकारी आहे, अतिक्रमण नाही. ग्रामपंचायतीकडे पोकलेनच्या भाड्यापुरतेही पैसे नाहीत, पण सरपंच ठराव द्यायला तयार आहेत. गाव पालिकेत घ्यावं की नाही, हा वाद इथे नको. त्याला वर्षं जातील, पाणी यंदाच तुंबणार आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये दुसऱ्या स्थानिक संस्थेबरोबर संयुक्त समिती नेमायची तरतूद आहे. महानगर नियोजन समिती आराखड्यापुरती, म्हणून तिकडे गेलो नाही. निविदा निघण्याआधी हे मार्गी लागायला हवं.

कुणी असा ठराव प्रत्यक्ष मंजूर करून घेतला असेल तर सांगा: प्रस्ताव आधी कुणी मांडायचा, आयुक्तांनी की ग्रामसभेने? आणि खर्चाची वाटणी नाल्याच्या लांबीवर ठरवली की पाणलोट क्षेत्रावर?