मदत हवी आहे: घरातून चालणाऱ्या धंद्यातल्या मालाचा विमा किती रकमेचा घ्यावा?

मंडळी, घरातल्या एका खोलीत शिवणकामाचा धंदा आहे: दोन शिलाई मशीन, कापडाचे तागे, तयार कपडे. घराच्या विम्यात धंद्याचा माल सहसा धरत नाहीत, म्हणून वेगळी पॉलिसी घ्यायची आहे. गाडी अडलीये ती रकमेपाशी.

माल एरवी 6 लाखांचा, हंगामात 10 लाखांचा. विमा 6 लाखांचाच ठेवला आणि ऐन हंगामात आगीत 2 लाखांचं नुकसान झालं, तर ॲव्हरेज क्लॉज लागतो, म्हणजे विमा मालाच्या किमतीपेक्षा जितक्या प्रमाणात कमी, तितकी भरपाईही कमी. 6 भागिले 10 या हिशेबाने मिळणार 1 लाख 20 हजार, त्यातूनही आपण सोसायचा ठरलेला हिस्सा वजा. थेट 10 लाखांचा घ्यावा, तर रिकाम्या महिन्यांचाही हप्ता भरत बसायचं.

एवढ्याशा साठ्याला डिक्लरेशन पॉलिसी (ठरावीक काळाने खरा साठा कळवायचा आणि हप्ता त्या हिशेबाने ठरतो) देतात का? की हंगामापुरती रक्कम वाढवून एन्डॉर्समेंट (चालू पॉलिसीत लेखी बदल) घेणं बरं?

आणखी एक, आणि याचीच जास्त काळजी वाटते. गिऱ्हाइकांनी शिवायला दिलेलं कापड आपल्या मालकीचं नसतं. ते पॉलिसीत नेमकं कोणत्या शब्दांत लिहून घ्यावं? ज्यांनी असा क्लेम केलाय त्यांनी सर्वेयरने (नुकसान तपासायला येणाऱ्याने) कोणते कागद मागितले तेही कृपया सांगा.