मेंढराच्या मेंदूतली पाण्याची गाठ आणि जाऊबाईंच्या लिव्हरमधली गाठ: रोग एकच आहे का?

जतची_सूनबाई

नमस्कार. माझं सासर जत तालुक्यात, माडग्याळच्या बाजूला. घरी मेंढरं आहेत, ती आमच्याकडची बाकदार नाकाचीच. दिवाळीच्या सुमारास एक वर्षाचं मेंढरू कळपात मागं पडायला लागलं. मान वाकडी करून डावीकडंच गरगर फिरायचं, मग एका डोळ्यानं दिसेनासं झालं. शेवटी उठेनाच, तेव्हा मामंजींनी कापलं. मुंडी फोडली तर मेंदूत लिंबाएवढी पाण्याची पिशवी, आणि पिशवीला आतून बारीक पांढरे ठिपके. ती मुंडी नेहमीसारखी कुत्र्यांपुढं टाकली.

गेल्या वर्षी माझ्या मोठ्या जाऊबाईंचं मिरजेला ऑपरेशन झालं. लिव्हरमध्ये गाठ होती, कागदावर हायडॅटिड सिस्ट लिहिलंय. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, घरात कुत्रं आहे का, मेंढरं आहेत का? ती मुंडी बघितल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. दोन्ही गाठी एकच का? मेंढरांना आम्ही जंताचं औषध वेळच्या वेळी पाजतो, मग हे आलं कुठून? माझी मुलगी दिवसभर कुत्र्याच्या गळ्यात पडलेली असते. मामंजी म्हणतात कुत्री सोडून देऊ. पण आमच्याकडं लांडगा आहे, कुत्र्याशिवाय वाघरीतली मेंढरं राखायची कशी?

निवृत्त_पशुवैद्य_खटाव

ताई, आधी कुत्र्यांचं सांगतो. कुत्री सोडून देऊ नका. सोडलेलं कुत्रं गावभर फिरणार, मिळेल ते खाणार आणि कोणीच त्याला औषध देणार नाही. म्हणजे रोग वाड्यावरून गावात नेल्यासारखं होईल. कुत्रं ठेवा, त्याच्या तोंडात काय जातं ते बदला.

दोन्ही गाठी एक नाहीत. मेंढराच्या मेंदूतली गाठ टीनिया मल्टिसेप्स या पट्टकृमीच्या, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताच्या, पिल्लांची. तुम्ही बघितलेले पांढरे ठिपके म्हणजे त्या कृमीची डोकी. एका पिशवीत शेकड्यांनी असतात आणि कुत्र्याच्या आतड्यात गेल्यावर एकेका ठिपक्यापासून हातभर लांबीचा जंत होऊ शकतो. माणसाला ही गाठ क्वचितच होते. जाऊबाईंची गाठ एकायनोकॉकस ग्रॅन्युलोससची. हा जंत जेमतेम काही मिलिमीटरचा, त्यामुळे कुत्र्याच्या विष्ठेत नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. मेंढराची कलेजी नि फोपसं यांत पाण्याचे फोड दिसतात ना, ते बहुधा याचेच. माणसातही तो लिव्हरमध्ये सर्वांत जास्त आणि त्याखालोखाल फुफ्फुसात बसतो.

मात्र दोघांचा रस्ता एकच आहे. गाठ कुत्र्याच्या पोटात, तिथं जंत मोठा होतो, अंडी विष्ठेतून रानात, आणि चरताना ती मेंढराच्या पोटात. एकायनोकॉकसची अंडी कुत्र्याच्या केसांना लागतात, तिथून हाताला, हातातून भाकरीला. जाऊबाईंना मटण खाऊन हे झालेलं नाही. त्यांच्यापासून दुसऱ्या कुणाला होणारही नाही, हे घरात सगळ्यांना सांगा. अशा बाईचं ताट वेगळं ठेवलेलं मी बघितलंय आणि फार वाईट वाटतं.

हा रस्ता आपल्याला ठाऊक झाला तो 1850 च्या दशकात. जर्मनीत फोन सीबोल्ड यांनी जनावरांच्या गाठी कुत्र्यांना खाऊ घातल्या आणि पुढं त्यांच्या आतड्यात जंत सापडले. त्याच काळात क्युखेनमाइस्टर यांनी मेंदूतल्या गाठीवर तेच करून दाखवलं. त्याआधी गाठ आणि जंत हे दोन वेगळे जीव मानले जायचे. 1863 मध्ये क्राबे नावाच्या डॅनिश संशोधकानं आइसलँडमध्ये 100 कुत्री तपासली, 28 मध्ये एकायनोकॉकस निघाला. मेंढरांवर जगणारा देश, घराघरात माणसांना गाठी. 1864 मध्ये त्यांनी घरोघरी पुस्तिका वाटली: गाठीचे अवयव कुत्र्याला घालू नका, पुरा किंवा जाळा. आजच्या गोळ्या तेव्हा नव्हत्या, तरी त्या देशातून हा रोग पुढं हद्दपार झाला. मी नोकरीत असताना माण-खटावच्या प्रत्येक वाड्यावर ही गोष्ट सांगायचो, कारण आइसलँडचे लोकही मेंढपाळच होते.

आता तुमच्या औषधाचं. मेंढराला पाजता ते त्याच्या आतड्यातल्या जंतांसाठी. मेंदूतल्या गाठीला त्यानं काही होत नाही आणि नवी अंडी पोटात जायचीही थांबत नाहीत. औषध कुत्र्याला हवं. प्राझिक्वांटेल, दर किलो वजनाला 5 मिलिग्रॅम. वजन करून, डॉक्टरांना विचारून, वाड्यावरच्या सगळ्या कुत्र्यांना एकाच दिवशी. दर सहा आठवड्यांनी द्यायला सांगतात, कारण गाठ खाल्ल्यापासून जंत अंडी घालायला लागेपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. औषधानं जंत मरतो, अंडी मरत नाहीत. म्हणून औषध दिल्यावर दोन दिवस कुत्री बांधून ठेवा आणि विष्ठा खोल पुरा.

मुंडी, कलेजी, फोपसं कच्चं घालायचंच नाही. घालायचं तर चांगलं अर्धा तास उकळून.

आणखी कुठलं मेंढरू फिरायला लागलं तर लवकर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. गाठ कवटीच्या जवळ असली तर ऑपरेशन करून काढता येते.

आरेवाडीचा_धनगर

डाक्टरसाहेब म्हणत्यात ते खरं हाय, पण ताई, खरी अडचण जत्रेला हुती. घरचं एक बकरं कापलं तर म्या खड्डा घीन. जत्रेत किती कापत्यात, सगळं वड्याला टाकत्यात, आन् गावची कुत्री तितंच बसल्याली. आमी पोरांनी औंदा वड्याकडंला मोठा खड्डा मारला, वर काटेरी फास टाकली. म्हातारी माणसं आधी चिडली, मग त्यांनीच राखण केली.

माझा बी एक प्रश्न. कोकरांच्या लेंड्यांत पांढरं चपटं तुकडं दिसत्यात. ती बी ह्येच का?

निवृत्त_पशुवैद्य_खटाव

नाही आप्पा, तो मोनिझिया. गवतातल्या बारीक माइटमधून कोकराच्या पोटात जातो, त्यात कुत्र्याचा संबंध नाही आणि माणसाला होत नाही. कोकरं खंगत असतील तर औषध पाजा. खड्ड्याचं काम फार मोलाचं केलंत. जमलं तर वर चुना टाका आणि माती निदान दोन हात द्या, कुत्री उकरतात.

मिरजेची_सिस्टर

मी मिरजेत मेंदूविकाराच्या वॉर्डात काम करते. कवठेमहांकाळ, जत, विजापूरकडचे पेशंट येतात. आमच्याकडं आणखी एका पट्टकृमीचे रुग्ण असतात, डुकराच्या टीनिया सोलियमचे. पहिल्यांदा फिट आली म्हणून पोराला आणतात, स्कॅनमध्ये मेंदूत छोटी गाठ. घरचे म्हणतात, आम्ही तर माळकरी, अंडंसुद्धा खात नाही. त्यांना अपराधी वाटायला नको म्हणून मी दरवेळी समजावते: जंत पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी भाजीतून, पाण्यातून, न धुतलेल्या हातातून दुसऱ्याच्या पोटात जातात. एकेकाळी आपल्या देशात अशा एकेकट्या गाठीला क्षयाची गाठ समजून महिनोन् महिने टीबीचे उपचार चालायचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून तपासल्या, तेव्हा बऱ्याचशा या कृमीच्या निघाल्या. किती मुलं त्या नको असलेल्या गोळ्यांतून सुटली असतील!

सूनबाई, तुमच्या मुलीला कुत्र्यापासून तोडू नका. जेवणाआधी साबणानं हात, आणि कुत्र्याला तोंड चाटू द्यायचं नाही, एवढं पक्कं करा. घरातल्या सगळ्यांची पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे मात्र करून घ्या. लिव्हरमधली गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. कुणाला निघालीच, तर कोणाच्या सांगण्यावरून कुठंही सुई घालू देऊ नका. फुटली तर आतलं पाणी पोटात पसरतं, जिवावरची रिअ‍ॅक्शन येऊ शकते आणि नव्या गाठीही होतात. ते काम सगळी तयारी असलेल्या ठिकाणीच.

जतची_सूनबाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मामंजींना वाचून दाखवलं. आइसलँडचं ऐकून ते बराच वेळ तिथली मेंढरं कशी असतात तेच विचारत होते. कुत्री राहणार. आमच्याकडं तीन आहेत, त्यातली एक कुत्री गाभण आहे. तिला ही गोळी चालेल का?

निवृत्त_पशुवैद्य_खटाव

प्राझिक्वांटेल गाभण कुत्रीला चालतं. पण बाजारात त्याच्याबरोबर दुसरी औषधं मिसळलेल्या गोळ्या जास्त मिळतात आणि त्यातल्या काही गाभणपणात टाळतात. गोळीचं पाकीट डॉक्टरांना दाखवून मगच द्या. पिल्लं झाली की त्यांचंही वेळापत्रक इथंच विचारा.