‘टच ऑफ इव्हिल’ : आपण कोणती प्रत आधी पाहिली?

परवा घराला रंग द्यायचा म्हणून कपाटे रिकामी करताना जुन्या डिस्कच्या खोक्यात ‘टच ऑफ इव्हिल’ची २००० साली निघालेली डीव्हीडी हाती लागली आणि उरलेले काम तसेच राहिले. ऑर्सन वेल्सचा १९५८ सालचा हा गुन्हेपट मी प्रथम पाहिला तो एका स्नेह्याने परदेशातून आणलेल्या व्हीएचएस कॅसेटवर. मोटारीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जातो आणि मग कॅमेरा तीन मिनिटांहून अधिक काळ, एकदाही न तुटता, गच्च्यांवरून आणि गर्दीतून त्या मोटारीचा माग काढत सरहद्दीच्या नाक्यापर्यंत जातो, हा प्रसंग मी तेव्हा श्रेयनामावलीच्या अक्षरांआडून आणि हेन्री मॅन्सिनीच्या संगीतासह पाहिला होता. डीव्हीडीवर पाहतो तो अक्षरे नाहीत आणि ते संगीतही नाही! रस्त्यावरच्या क्लबांतून येणारे गाण्यांचे तुकडे आणि त्या मोटारीतला रेडिओ एवढेच ऐकू येते, त्यामुळे रेडिओ जवळ आला की बॉम्ब जवळ आला, हे डोळ्यांच्या आधी कानांना कळते.

स्टुडिओने चित्रपट वेल्सच्या हातून काढून घेतला, हॅरी केलर या दुसऱ्या दिग्दर्शकाकडून काही दृश्ये नव्याने चित्रित करून घेतली आणि डिसेंबर १९५७ मध्ये ती जुळणी पाहून वेल्सने ५८ पानांचे टिपण लिहिले. त्या टिपणाबरहुकूम वॉल्टर मर्च या संकलकाने १९९८ मध्ये चित्रपट पुन्हा जुळवला. डीव्हीडीत ते टिपणही होते, आणि मी ते रिमोटने पान पान उलटत एका रात्रीत टीव्हीच्या पडद्यावर वाचून काढले. आपले चित्र विस्कटलेले पाहूनही माणूस इतक्या संयमाने कसा लिहितो, याचे नवल अजून ओसरलेले नाही. आपण कोणती प्रत आधी पाहिली, आणि पुढे मत बदलले का, हे कृपया लिहावे.

सातारकर
मी संगीताची प्रत आधी पाहिली आणि मला तीच प्रिय आहे. वेल्सला ते संगीत तिथे नको होते हे मान्य आहे, पण मॅन्सिनीचा तो ठेका ऐकल्यावर पोटात जो गोळा येतो तो रेडिओच्या तुकड्यांनी येत नाही.

रात्रपाळी
माझा अनुभव चित्रपटापेक्षा डिस्कचा अधिक आहे. ही डीव्हीडी मी भाच्याकडून अमेरिकेतून मागवली. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले असतात आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नाही. तिकडची डिस्क विभाग १ ची आणि आपल्याकडचा प्लेअर विभाग ५ चा, त्यामुळे पडद्यावर फक्त एक निळी सूचना दिसत राहिली. शेवटी दुरुस्तीवाल्याने रिमोटवर ठरावीक आकडे दाबून प्लेअरला सगळे विभाग खुले करून दिले. दोन महिने नुसते वेष्टन पाहून घालवल्यावर ती सुरुवात दिसली, तेव्हा मी ती ओळीने चार वेळा पाहिली.

निवृत्त वकील
मी अनेक वर्षे फौजदारी खटले चालवले असल्याने मला सुरुवातीच्या स्फोटापेक्षा बुटांचे खोके अधिक स्मरते. (ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) तपासात सामील झालेला मेक्सिकन अधिकारी व्हार्गास याच्या हातून संशयिताच्या न्हाणीघरात ते खोके पडते तेव्हा ते रिकामे असते, आणि थोड्याच वेळाने अमेरिकन पोलीस अधिकारी क्विनलनच्या माणसाला त्याच खोक्यात डायनामाइटच्या दोन कांड्या ‘सापडतात’. आपल्याकडे पंचनामा असतो, पंचांच्या सह्या असतात, तरी असे खोके भरतेच. मात्र चित्रपटाचा खरा डंख पुढे आहे, कारण ज्याच्यावर हा बनाव रचला तो तरुण अखेरीस गुन्हा कबूल करतो, म्हणजे पोलिसाचा अंदाज बरोबर आणि पुरावा खोटा. माझ्या कनिष्ठ सहकाऱ्यांना मी ही डिस्क मुद्दाम पाहायला देत असे.

ठाण्याची वाचक
वकीलसाहेब, आईसोबत पाहताना तिनेही नेमके ते खोकेच हेरले होते! मी १९९८ ची जुळणी पाहिली. स्फोटानंतर व्हार्गास एकीकडे तपासात गुंततो आणि त्याची नवी नवरी सुझन दुसरीकडे गुंडांच्या तावडीत सापडते, हे त्या जुळणीत आलटून पालटून येत राहते. आईला इंग्रजी फारसे येत नाही, पण ती सारखी म्हणत होती, “अगं, नव्या नवरीला असं एकटं सोडून जातात का?” सुझन झालेल्या जॅनेट लीचा हात चित्रीकरणाच्या वेळी मोडलेला होता आणि तो लपवत तिने काम केले, हे आईला नंतर सांगितले, तर तिने मोटेलचा भाग पुन्हा लावायला सांगितला.

लेस्टरवासी
इथे ब्रिटनमध्ये २०११ साली निघालेल्या ब्लू-रे संचात चित्रपट पाच रूपांत आहे, कारण आवृत्त्या तीन (१९५८ ची प्रदर्शित, तिच्याआधीची चाचणी-प्रत आणि १९९८ ची) आणि त्यांपैकी दोन दोन्ही चौकटींत, म्हणजे चित्राची रुंदी उंचीच्या १.३७ पट आणि १.८५ पट अशा. कोणती चौकट योग्य, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. मी एका रविवारी क्विनलनची खोलीतली दृश्ये दोन्ही चौकटींत लावून पाहिली. उंच चौकटीत छत दिसते आणि ते त्या अवाढव्य माणसाच्या डोक्यावर टेकल्यासारखे वाटते, तर रुंद चौकटीत माणसे एकमेकांना चिकटतात आणि घुसमट वाढते. माझे मत उंच चौकटीला आहे, पत्नीचे रुंद चौकटीला.

कॅलिफोर्नियातून
चित्रपटातले लॉस रोब्लेस हे सरहद्दीवरचे गाव म्हणजे लॉस एंजेलिसमधले व्हेनिस आहे. तिथल्या कमानींखालून चालताना मी नकळत मागून मोटार येते का ते पाहिले.

शंकेखोर
एक तक्रार नोंदवतो. १९९८ च्या प्रतीला काही जण दिग्दर्शकाची प्रत म्हणतात, ते बरोबर नाही. वेल्स १९८५ साली वारला, आणि इतरांनी त्याच्या टिपणावरून केलेली ती जुळणी आहे. तरी तिची किंमत कमी होत नाही. क्विनलनचा सहकारी मेन्झीज याचा एक जवळून घेतलेला चेहरा वेल्सने काढायला सांगितला होता. तो काढल्यावर मेन्झीज तिथेच खचून जात नाही आणि शेवटी पुलावर तो क्विनलनच्या विरोधात उभा राहतो ते पटते, असे मर्चने सांगितले आहे. व्हार्गास झालेल्या चार्लटन हेस्टनला तोंड रंगवून मेक्सिकन केलेले मात्र कोणत्याही डिस्कवर पटत नाही.

धागाकर्ता
शंकेखोर, हेस्टनबद्दल सहमत आहे, पण त्यानेच वेल्सला दिग्दर्शन द्यावे असा आग्रह धरला होता, म्हणून मी त्याला थोडे माफ करतो. सातारकर, तुमच्यामुळे मॅन्सिनीची प्रत पुन्हा पाहावीशी वाटते आहे. २००८ सालच्या संचात तिन्ही आवृत्त्या आहेत. तो कपाटात मागच्या बाजूला आहे आणि कपाटापुढे सध्या रंगाऱ्यांची शिडी उभी आहे, तेव्हा उद्या संध्याकाळी ते गेले की लावतो.